प्रकल्प नोंदी: लिव्हरमधली प्रोटीनची जाळी आणि 'निरोगी' नावाच्या कॉलमची भानगड

८ जानेवारी २०२४, सोमवार

विषय एकदाचा ठरला. शेवटच्या सेमचा प्रोजेक्ट, मॅडमनी फोनवर तीन मिनिटांत ठरवला खरं तर, मी आपला हो मॅडम हो मॅडम करत होतो. निरोगी लिव्हर आणि लिव्हरचा कॅन्सर (हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा, पुढे एचसीसी लिहितो, दर वेळी कोण टाइप करणार) या दोन्हींची प्रोटीन इंटरॅक्शन नेटवर्क बनवायची आणि काय बदललं ते शोधायचं. लिव्हरच का, तर डेटा फुकट आहे आणि भरपूर आहे. टीसीजीएमध्ये (कॅन्सर पेशंटांच्या नमुन्यांचा खुला डेटा) ३७१ ट्युमर आणि त्याच्या शेजारच्या नॉर्मल टिश्यूचे ५० नमुने, जीटेक्सच्या (नॉर्मल टिश्यूंचा तसाच डेटा) व्हर्जन ८ मध्ये लिव्हरचे २२६. वेट लॅबचं काम शून्य. पिपेट धरला की माझा हात थरथरतो हे मॅडमना दुसऱ्या सेमपासून माहितीये.

रात्री आईला फोनवर सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं वीसेक हजार जीन्सपासून बनणारी प्रोटीनं असतात, त्यातलं कोण कोणाला चिकटतं याचा नकाशा काढायचा, एक चांगल्या लिव्हरचा, एक आजारी लिव्हरचा. ती म्हणाली म्हणजे कोणाचं कोणाशी बोलणं बंद झालं ते बघायचंय ना. माझ्या सिनॉप्सिसपेक्षा हे बरं आहे.

११ जानेवारी

स्ट्रिंगची (कोणतं प्रोटीन कोणाशी जोडलेलं याचा डेटाबेस) फाइल उतरवली, व्हर्जन १२, माणसाची म्हणजे ९६०६ ने सुरू होणारी. एक कोटीहून जास्त ओळी. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर पांडासमध्ये (पायथॉनमधलं टेबलं वाचायचं साधन) उघडली आणि माउसचा बाण तिथेच गोठला, पंखा असा काही फिरायला लागला की रूममेटने झोपेतून विचारलं मिक्सर का लावलास.

शेवटी तुकड्या-तुकड्याने वाचली. आणि मग एक येडेपणा: प्रत्येक जोडी या फाइलमध्ये दोनदा असते, अ-ब आणि ब-अ, हे मला संध्याकाळपर्यंत कळलंच नाही, त्यामुळे सगळ्या प्रोटीनांची डिग्री (म्हणजे जोडण्यांची संख्या) बरोब्बर दुप्पट आली होती आणि एकही आकडा विषम का नाही याचा मी चहा पिताना सहज विचार करत होतो तेव्हा ट्यूब पेटली.

दुसरं म्हणजे स्कोअर. स्ट्रिंग प्रत्येक जोडीला हजारापैकी मार्क देतं, ४०० म्हणजे मध्यम खात्री, ७०० म्हणजे चांगली, ९०० म्हणजे फारच. पण हे मार्क कशाचे ते बघितलं पाहिजे. त्यात प्रयोग पण आहेत आणि दोन नावं एकाच पेपरात वारंवार येतात म्हणून मिळालेले मार्क पण आहेत. आता लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून सगळ्या काकांची नावं एका ओळीत छापलेली असतात म्हणून त्यांचं एकमेकांशी बोलणं चालू आहे असं थोडीच असतं. म्हणून फक्त फिजिकल इंटरॅक्शनची जी वेगळी फाइल मिळते ती घेतली, ७०० च्या वर. मॅडमना मेसेज टाकला, त्यांनी अंगठा पाठवला.

१५ जानेवारी

संक्रांत. काम काही नाही. लॅबमधल्या दादाने (पीएचडीचं पाचवं वर्ष, सगळे त्याला दादाच म्हणतात) तिळगूळ दिला आणि म्हणाला गोड बोल आणि एक्सेल उघडू नकोस. पहिला अर्धा कळला.

१९ जानेवारी

दुसरा अर्धा पण कळला. लॅबच्या जुन्या फोल्डरमधली जीन लिस्ट जोडायला घेतली आणि त्यात 'मार्च १' नावाच्या जीनच्या जागी चक्क १ मार्च तारीख, 'सेप्ट २' च्या जागी २ सप्टेंबर. एक्सेलला वाटतं तुम्ही कॅलेंडर भरताय. हे दुखणं इतकं जुनं की जीनांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावंच बदलून टाकली, सेप्ट चं सेप्टिन केलं आणि मार्च ला मागे एफ लावला. सॉफ्टवेअर नाही सुधारलं तर माणसाच्या जीनांची बारशी परत घातली, बोला आता.

एन्सेम्बल आयडीच्या (डेटाबेसमधला जीनचा नंबर) शेवटी टिंब देऊन व्हर्जनचा आकडा असतो, तो कापल्याशिवाय दोन टेबलं जुळत नाहीत. कापला. कापल्यावर काही आयडी दुप्पट झाले, ते एक्स आणि वाय क्रोमोसोमच्या कॉमन भागातले निघाले, वायवाले टाकून दिले. दिवस गेला.

२७ जानेवारी

पद्धत साधी आहे. एक बेस नकाशा (स्ट्रिंगचाच), तो सगळ्या टिश्यूंना सारखाच. मग त्या टिश्यूत ज्या प्रोटीनचा जीन चालू आहे तेवढेच ठिपके ठेवायचे, दोन्ही टोकं चालू असतील तरच मधली रेघ ठेवायची. निरोगीला एक नेटवर्क, ट्युमरला एक, वजाबाकी करा, झालं. कागदावर मस्त वाटतं.

पण जीटेक्स आणि टीसीजीएचे आकडे वेगवेगळ्या पाइपलाइनमधून आलेत, म्हणजे एकाने किलोत मोजलं आणि दुसऱ्याने शेरात. दादाने सांगितलं की टॉइल नावाच्या पाइपलाइनने २०१७ मध्ये वीस हजारांवर नमुने पहिल्यापासून एकाच मापाने परत मोजून ठेवलेत, ते झेना नावाच्या साइटवर मिळतात, तेच घे. घेतले. त्यात जीटेक्सची जुनी आवृत्ती आहे त्यामुळे माझे लिव्हरचे २२६ चे ११० झाले, ट्युमर ३६९. चालेल.

मग एक दिवसभराची माती. टीपीएम (जीन किती चालू आहे त्याचं माप) १ च्या वर म्हणजे जीन चालू असं धरायचं ठरलेलं, तर मी १ च्या वरचे घेतले, आणि दोन्हीकडे ठिपके फारच कमी आले. फाइल उघडून नीट बघितली तर जिकडेतिकडे एकच आकडा, -९.९६५८, -९.९६५८, -९.९६५८, पानंच्या पानं. निगेटिव्ह एक्सप्रेशन कुठून आलं बाबा? तो म्हणजे ०.००१ चा बेस दोनचा लॉग. सगळी फाइल लॉगमध्ये आहे, शून्याचा लॉग निघत नाही म्हणून ०.००१ मिळवलेलं, वर स्पष्ट लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं. म्हणजे मी एक समजून दोनची चाळणी लावली होती.

६ फेब्रुवारी, मंगळवार

पहिला निकाल!! सायटोस्केपमध्ये (नेटवर्कची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) उघडला तर आधी न्हाणीघराच्या जाळीत अडकलेल्या केसांच्या गुंत्यासारखा दिसला, पण फक्त ट्युमरमध्ये नव्याने आलेल्या रेघा वेगळ्या काढल्या तर एका कोपऱ्यात घट्ट गोळा. सीडीके१, सायक्लिन बी१, पीएलके१, ऑरोरा बी, बब१, मॅड२... सगळे एकमेकांना धरून बसलेले. मला वाटलं सापडलं. स्क्रीनशॉट काढला, आईला पाठवला, स्टेटसला ठेवणार होतो.

दादाने खांद्यावरून बघितलं आणि विचारलं, "निरोगी लिव्हरची पेशी दिवसाला किती वेळा विभागते रे?"

विभागत नाही. जवळपास नाहीच, लिव्हर कापलं-बिपलं तरच. आणि माझा हा सगळा गोळा म्हणजे पेशी विभागताना लागणारी यंत्रणा. म्हणजे एवढी उठाठेव करून मी शोध लावला की कॅन्सरमध्ये पेशी वाढतात. स्टेटस कॅन्सल.

बरं हे चूक नाहीये, पण लिव्हरबद्दल काही सांगत नाही. विभागणीचे ठिपके बाजूला काढून परत बघायचं असं ठरलं.

१४ फेब्रुवारी

बाकीचे कुठे असतील ते असोत, मी बारकोडमध्ये आहे.

टीसीजीएच्या प्रत्येक नमुन्याच्या नावात चौथ्या तुकड्यात दोन आकडे असतात. ०१ म्हणजे मूळ ट्युमर, ११ म्हणजे शेजारचा नॉर्मल. मी कोडमध्ये लिहिलं होतं, ०१ असेल तर ट्युमर, नाहीतर नॉर्मल. आणि ०२ पण असतात, ०२ म्हणजे परत उलटलेला ट्युमर. मोजकेच होते पण गेले नॉर्मलमध्ये जाऊन बसले, आणि मी आठवडाभर नॉर्मलच्या टोकाला हे एक-दोन विचित्र ठिपके कोण म्हणून डोकं खाजवतोय. लांडगा कळपात मीच सोडला होता.

ते काढले. आता पीसीएचं चित्र (सारखे नमुने जवळ, वेगळे लांब असा आलेख) स्वच्छ यायला हवं, म्हणजे एकीकडे ट्युमर, दुसरीकडे नॉर्मल. आलं काय? तीन ढग. ट्युमरचा एक मोठा पसरलेला, जीटेक्सच्या लिव्हरचा एक, आणि टीसीजीएच्या शेजारच्या नॉर्मलचा तिसराच. दोन नॉर्मल एकमेकांपासून लांब. एवढे लांब की मी परत बारकोड तपासले.

१५ फेब्रुवारी

बारकोड बरोबर आहेत.

मॅडमसमोर चित्र ठेवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की यातलं निरोगी कुठलं ते तू मला सांग. मी जीटेक्सवर बोट ठेवलं. त्या म्हणाल्या ती माणसं कोण आहेत?

तर जीटेक्सचे दाते वारलेले आहेत. सगळे. मेल्यानंतर काही वेळाने टिश्यू काढलं जातं, कधी लवकर कधी बऱ्याच तासांनी, आणि प्रत्येक नमुन्यासोबत तो वेळ नोंदवलेला असतो. तेवढ्या वेळात ऑक्सिजन नसलेली पेशी गप्प बसत नाही, ताणाचे जीन चालू होतात, आरएनए सडायला लागतो. कोणी अपघातात गेलेलं असतं, कोणी व्हेंटिलेटरवर होतं. लिव्हरच्या आजारासाठी निवडलेले नव्हते इतकंच काय ते.

आणि टीसीजीएचं शेजारचं नॉर्मल? ते जिवंत माणसाचं, ऑपरेशनमध्ये काढलेलं, पण त्या माणसाला लिव्हरचा कॅन्सर आहे. एचसीसी सहसा चांगल्या लिव्हरमध्ये उगवत नाही, हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी, यांनी वर्षानुवर्षं पोखरून सिऱ्हॉसिस झालेल्या लिव्हरमध्ये उगवतो. म्हणजे ट्युमरपासून दोन सेंटीमीटरवरचा तुकडा मायक्रोस्कोपखाली कॅन्सर नाही म्हणून नॉर्मल, बाकी तो सुजलेला, तंतू माजलेला, आत रोगप्रतिकारक पेशी घुसलेल्या असा असू शकतो. शेतात आग लागली आणि बांधापलीकडचं गवत जळलं नाही म्हणून ते हिरवं म्हणायचं, असा प्रकार.

म्हणजे माझ्याकडे आजारी कॉलम एक आणि 'निरोगी' कॉलम दोन, आणि दोन्ही आपापल्या परीने निरोगी नाहीत. आत्तापर्यंत मी दोन्ही नॉर्मल एकत्र कालवून १६० चा एक ढीग केला होता!! त्याच्याशी ट्युमरची वजाबाकी करत होतो. आज रात्री तीन नेटवर्क वेगळी काढली आणि तिन्हींची जोडीजोडीने तुलना केली. ट्युमरमध्ये गायब झाल्या म्हणून मी ज्या रेघा आनंदाने मोजल्या होत्या त्यातल्या बऱ्याच शेजारच्या नॉर्मलमध्ये आधीच गायब आहेत. आणि शेजारच्यात नव्याने आलेल्या कित्येक रेघांची टोकं लिव्हर पेशीची नाहीतच, टी सेलची खूण असलेली आहेत, कोलॅजेनवाली आहेत. सगळं टिश्यू एकत्र वाटून मोजलंय ना, मग एका पेशीत एक प्रोटीन आणि शेजारच्या पेशीत दुसरं असलं तरी माझा कोड मध्ये रेघ मारून मोकळा. ती दोघं आयुष्यात भेटणार नाहीत.

झोप नाही आली नीट.

२३ फेब्रुवारी

हबची यादी. सगळ्यात जास्त जोडण्या असलेले पहिले वीस काढले, तिन्ही नेटवर्कमध्ये थोड्याफार फरकाने तेच. टीपी५३, यूबीसी, ईजीएफआर वगैरे मंडळी. रिपोर्टमध्ये 'महत्त्वाची प्रोटीनं' म्हणून टेबल टाकलं होतं, काढलं. यूबीसी म्हणजे युबिक्विटिन, ते टाकाऊ प्रोटीनांवर लावायचं लेबल आहे, ते कोणालाही चिकटलेलं सापडणारच. आणि टीपी५३ वर गेली कित्येक वर्षं जग काम करतंय, जिथे जास्त खणलं तिथे जास्त सापडलं. गावात ज्याच्या घरी रोज पाहुणे मोजायला माणूस बसतो त्याच्याकडेच पाहुणे जास्त, तसं.

यावर उपाय म्हणून हुरी नावाचा दुसरा नकाशा घेतला. २०२० मध्ये आला, यात कोण प्रसिद्ध आणि कोण नाही असं न बघता यीस्टमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी लावून बघितलंय, साधारण ५३ हजार जोड्या. त्यावर तेच गणित केलं तर हबची यादी पार बदलली, ज्यांची नावं मी कधी ऐकली नव्हती ते वर आले. तोटा म्हणजे नकाशा विरळ आहे आणि यीस्टमध्ये न जमणाऱ्या जोड्या त्यात येतच नाहीत. दोन्हींवर चालवायचं आणि दोन्हींत दिसेल तेच लिहायचं असं ठरवलं.

जुन्या फोल्डरमध्ये एचपीआरडीची फाइल पण सापडली, बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सच्या लोकांनी जॉन्स हॉपकिन्सवाल्यांबरोबर पेपर हाताने वाचून वाचून बनवलेली, चाळीस हजारांच्या आसपास जोड्या. २०१० नंतर ती वाढली नाही. वापरत नाहीये, पण उघडून बघितली, डिलीट करवली नाही.

५ मार्च

रँडमायझेशन चालू केलं. प्रत्येक ठिपक्याची डिग्री तीच ठेवून रेघांची टोकं आपापसात बदलायची, हजार वेळा, आणि बघायचं की आपल्याला दिसलेला गोळा असाच उगाच पण येतो का. लॅपटॉप रात्रभर चालू, चार्जर इतका तापला की खाली स्टीलचं ताट ठेवलं. आज जेवताना तेच ताट.

मधल्या वेळात बायोप्लेक्स (प्रोटीनांच्या जोड्यांचा आणखी एक नकाशा) वाचलं. हे मला फार आवडलं. त्यांनी एकच प्रयोग दोन वेगळ्या पेशींमध्ये केला, २९३टी आणि एचसीटी११६, पहिलीत सुमारे १ लाख १८ हजार जोड्या, दुसरीत सुमारे ७१ हजार. म्हणजे रेघा खरोखर मोजल्या, माझ्यासारखा एकच नकाशा घेऊन ठिपके विझवले नाहीत. आणि दोन्ही पेशींत हजर असलेली प्रोटीनं एकीत जोडलेली आणि दुसरीत नाहीत असंही त्यांना दिसलं. माझ्या पद्धतीत हे दिसणं शक्यच नाही. हे मॅडमना सांगितलं पाहिजे पण आज नाही.

१४ मार्च

सांगितलं. त्या म्हणाल्या एक उदाहरण घेऊन दाखव. मग बीटा कॅटेनिन घेतलं, म्हणजे सीटीएनएनबी१ जीन. २०१७ च्या टीसीजीएच्या पेपरात साधारण चारातल्या एका एचसीसीमध्ये यात म्युटेशन आहे.

निरोगी पेशीत काय होतं तर बीटा कॅटेनिन सतत बनतं आणि सतत मोडीत काढलं जातं. ॲक्सिन नावाच्या चौकटीवर त्याला बसवतात. आधी एक एन्झाइम त्याच्या ४५ नंबरच्या सेरीनवर फॉस्फेट लावतं. ते लागलं तरच दुसरं, जीएसके३, पुढे ४१ वर, मग ३७ वर, मग ३३ वर लावतं. तहसील कचेरीत जसे ओळीने शिक्के पडतात, आधीचा नसेल तर पुढचा साहेब हात लावत नाही, तसंच. शेवटचे ३३ आणि ३७ चे शिक्के बघून बीटीआरसी नावाचं प्रोटीन त्याला धरतं, युबिक्विटिनचं लेबल लागतं आणि माल भंगारात.

आता एचसीसीत म्युटेशन नेमकं याच ३२ ते ४५ च्या पट्ट्यात असतं. एक सेरीन गेलं की शिक्का नाही, शिक्का नाही म्हणून बीटीआरसी धरत नाही, बीटा कॅटेनिन साचत जातं, न्यूक्लियसमध्ये जाऊन जीन चालू करत सुटतं. म्हणजे एक रेघ तुटली, बाकी त्याचं इतरांशी नातं बरंचसं शाबूत. (बायोप्लेक्समधल्या एचसीटी११६ ला पण हेच, त्यात सेरीन ४५ उडालेलं आहे, योगायोग.)

आणि माझ्या ट्युमर नेटवर्कमध्ये? सीटीएनएनबी१ चालू, बीटीआरसी चालू, मध्ये जाडजूड रेघ, स्कोअर सणसणीत. पेशंटमध्ये जी रेघ तुटल्यामुळे आजार पुढे सरकतो तीच रेघ माझ्या नकाशात ठणठणीत आहे. मी ते चित्र झूम करून पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

२०१५ मध्ये बॉस्टनच्या व्हिडाल लॅबच्या लोकांनी दाखवलं होतं की आनुवंशिक आजारांतल्या म्युटेशनपैकी साधारण दोन तृतीयांश इंटरॅक्शन बिघडवतात आणि त्यातली निम्मी अशीच निवडक रेघा तोडतात, प्रोटीन अख्खं घालवत नाहीत. वाचलं होतं मी ते, पहिल्या सेमला, परीक्षेपुरतं.

१८ मार्च

मग ट्युमरचेच दोन भाग केले, बीटा कॅटेनिन म्युटेशन असलेले आणि नसलेले. तुटलेली रेघ दिसत नसली तरी तिचा धूर दिसतो. म्युटेशनवाल्यांत ग्लुटामिन सिंथेटेज, ॲक्सिन२, एलजीआर५ वर आले. ग्लुटामिन सिंथेटेज निरोगी लिव्हरमध्ये फक्त मधल्या शिरेभोवतीच्या एक-दोन ओळींच्या पेशींत असतं, पॅथॉलॉजीवाले याच्याच डागावरून ओळखतात हे दादाकडून कळलं. आणि इथे तुलना ट्युमर विरुद्ध ट्युमर आहे, मेलेला दाता नाही, सिऱ्हॉसिसचा शेजारी नाही, एकच लॅब एकच माप. अडीच महिन्यांत पहिल्यांदा एखाद्या निकालावर विश्वास बसला.

२६ मार्च

काल धुळवड, कानात अजून हिरवा रंग. काम: फक्त फिगरचे फॉन्ट.

९ एप्रिल

पाडवा. सकाळी श्रीखंड, दुपारी प्रोटिओमिक्स.

आरएनए चालू म्हणजे प्रोटीन आहेच असं नाही हा प्रश्न व्हायव्हात येणारच, म्हणून २०१९ चा १५९ हिपॅटायटिस बी पेशंटचा डेटा घेतला, ट्युमर आणि शेजारचं, दोन्हीत प्रत्यक्ष प्रोटीन मोजलेलं. युरिया सायकल, सायटोक्रोम पी४५० वगैरे लिव्हरचं खास काम करणारी मंडळी ट्युमरमध्ये खाली, हे इथेही आलं. एमसीएमची (एकाच गटात म्हणजे कॉम्प्लेक्समध्ये जोडून काम करणारी प्रोटीनं) सहा भावंडं, २ ते ७, प्रोटीनच्या पातळीवर एकत्र वर जातात, कारण कॉम्प्लेक्समध्ये जोडीदार मिळाला नाही की उरलेलं प्रोटीन पेशी मोडून टाकते. म्हणजे दोन प्रोटीनं नमुन्यामागून नमुन्यात एकत्र वर-खाली होतात का हे बघून रेघ अजून आहे की गेली याचा अंदाज बांधता येईल. हे जानेवारीत सुचलं असतं तर! आता फक्त 'पुढील काम' मध्ये चार ओळी.

१६ एप्रिल, मंगळवार

मॅडमनी ड्राफ्ट परत दिला. लाल पेनाने जवळपास एकच काम केलंय, 'हेल्दी' हा शब्द जिथे जिथे आहे तिथे खोडलाय. फिगरमध्ये, टेबलात, मुखपृष्ठावर सुद्धा. मार्जिनमध्ये लिहिलंय, कोणाचं लिव्हर ते लिही.

मग शीर्षक झालं, जीटेक्स दात्यांचं लिव्हर, ट्युमरशेजारचं लिव्हर आणि एचसीसी ट्युमर यांतील प्रोटीन नेटवर्कची त्रिपक्षीय तुलना. इंग्रजीत अजूनच लांब. बाइंडिंगवाल्याकडे गेलो, काळं कव्हर सोनेरी अक्षरं, तीन दिवस लागतील म्हणाला. कागद हातात धरून त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, सर हे एवढं सोनेरीत बसत नाही, मधली एक ओळ काढू का. म्हटलं मधलीच नको काढू. अक्षरं बारीक कर.